भट्टीची मोटार आणि एक खाडा

खाडा हा शब्द मला सोसत नाही. गवळी येऊन दुधाचा खाडा सांगतो, भांडीवाली कामाचा सांगते, नातवंडं शाळेचा खाडा हसत हसत सांगतात, आणि मी उगाचच कुणावर तरी खेकसतो. घरच्यांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. वाटू दे. मी जन्मात एकच खाडा मोजला आणि तो मोजण्यात माझी सहा वर्षं गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत मी मुरबाड-शहापूर रस्त्यावर उतारूंची सर्विस मोटार चालवायचो. रस्ता म्हणजे काय, तर बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे दगड. सकाळी मुरबाडहून निघायचं, काळू नदीच्या उतारातून पाणी कापत पलीकडं जायचं, मग किन्हवली, शेणवा, शहापूर आणि शेवटी आसनगावचं स्टेशन. पावसाळ्यात नदी भरली की मोटार बंद. त्याच रस्त्यावर माझ्याआधी माझा बाप बैलगाडी हाकायचा. स्टेशनवर उतरलेली माणसं, तांदळाच्या गोणी, हिरडा, वऱ्हाडं, माहेराला निघालेल्या बाळंतिणी, सगळं त्याच्या गाडीतून गेलेलं. मग मोटार आली आणि त्याची गिऱ्हाईकं एकेक करून मोटारीत येऊन बसली. मोटार कोण चालवतंय, तर त्याचाच पोरगा. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. बैल विकले त्या दिवशी जेवला नाही, एवढंच.

बोल लावायची संधी त्याला लढाईनं दिली. पेट्रोल कुपनावर गेलं, मग कुपनंही आटली, आणि आमच्या मालकानं मुंबईहून गॅस प्लँट आणून मोटारीच्या पाठीला बसवला. गॅस प्लँट हे मालकानं सांगितलेलं नाव. आमच्याकडची माणसं त्याला भट्टी म्हणायची आणि बरोबरच म्हणायची. माणसाच्या उंचीचं लोखंडी पिंप, वरून कोळसा ओतायचा, खाली विस्तव, बाजूला हातानं फिरवायचा पंखा. पंखा फिरवून कोळसा लाल झाला की त्याचा वायू नळीतून, काथ्याच्या गाळणीतून इंजिनात जायचा आणि इंजिन त्यावर चालायचं. चालायचं म्हणजे खोकत खोकत. पेट्रोलवर जी मोटार हँडलच्या दोन झटक्यांत उठायची, तिला आता अर्धा-पाऊण तास पंखा घालावा लागे. चढ आला की उतारू खाली. सुरुवातीला मी बायाबापड्यांना बसून राहू द्यायचो, नंतर त्याही खाली. शेणव्याच्या अलीकडच्या चढावर तर तिकीट काढलेली माणसं मोटार ढकलायची आणि वर पोचल्यावर माझ्याच मोटारीत बसून मला शिव्या द्यायची.

आमचं गाव मुरबाडच्या बाजूला, नदीच्या अलीकडं. भट्टी लावलेली मोटार पहिल्यांदा आमच्या फाट्यावर थांबली तेव्हा बाप तिथं उभाच होता. हात मागं बांधून त्यानं मोटारीला एक फेरी मारली. बैल विकत घ्यायला आलेला माणूस मारतो ना, तशी.

"ह्ये खातंय काय?" त्यानं विचारलं.

"कोळसा."

"आन् देतंय काय?"

"देतंय काय म्हणजे? माणसं नेतंय, बाबा."

"ती माज्या बैलांनी पन नेली. बैल चारा खायचा, पन शेण द्यायचा. ह्यो निसती राख देतोय." मग पिंपावर बोटानं टकटक करून म्हणाला, "आन् लढाई सरली, पेट्रोल आलं, की मंग ह्याचं काय करशील?"

उतारू हसले. मी मालकाकडून ऐकलेलं पाठ म्हणून दाखवलं, की पेट्रोल बाहेरून येतं, कोळसा आपल्या रानात आहे, उद्या पेट्रोल आलं तरी कोळशाची मोटारच टिकणार. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रान किती दिस पुरंल?" मी भोंगा वाजवला आणि निघालो.

खरं सांगायचं तर ह्या सगळ्या शंका मलाही होत्या. इंजिन चाळीस मैल धावायच्या आधीच डांबरानं चिकटायचं. रिंगा झिजायच्या. माझी थुंकी काळी पडायची. शेणव्याच्या वरच्या अंगाला कोळसेवाले ऐन-धावड्याची झाडं तोडून भट्ट्या लावायचे, आणि दर हिवाळ्यात त्यांची खोपटं आणखी आत, आणखी वर सरकलेली दिसायची. हे सगळं मला दिसत होतं. पण बापासमोर कबूल कसं करायचं? ज्या मोटारीपायी त्याचे बैल गेले, ती मोटारच कुचकामी आहे, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी तिची बाजू घ्यायचो. जितकी ती बंद पडायची तितकी जोरानं घ्यायचो.

त्या हिवाळ्यात, भाताची झोडणी उरकल्यावर, बापाला कोल्हा चावला. सकाळची वेळ, ऊन आलेलं. तो वाल पेरलेल्या शेतात कुंपण सारखं करत होता. कोल्हा सरळ चालत आला, माणसाला न भिता, तोंडाला फेस, आणि त्यानं बापाचा उजवा हात मनगटाच्या वर धरला. बापानं कोयत्यानं त्याला तिथंच मारला. दुपारी माझी परतीची मोटार फाट्यावर आली तर बाप हाताला फडकं बांधून उभा, आणि शेजारी पाटीखाली झाकलेला कोल्हा.

"पिसाळलेला व्हता," तो म्हणाला, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगतोय.

दुसऱ्या दिवशी त्याला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर शांत माणूस, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी जखम धुतली, जाळली, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील. रोज एक. चौदा दिवस.

"मधे खाडा नको," ते म्हणाले. "एकही नको. ह्या रोगाला औषध नाही, फक्त आधी पोचायचं असतं. रोग वर चढायच्या आत आपण पोचलो तर पोचलो."

"आणि नाही पोचलो तर?"

"मग ते पाण्याला भ्यायला लागतील. तसं झालं तर माझ्याकडं आणून उपयोग नाही."

मग त्यांनी सांगितलं, की चौदा दिवस ह्यांना शहापुरातच ठेवा, दवाखान्यामागं एक पडवी आहे, तिथं राहू द्या. आणि इथं मी माझं तोंड उघडलं. मी म्हणालो, कशाला डॉक्टर, माझी मोटार रोज येते, मीच चालवतो, रोज घेऊन येईन, रोज घेऊन जाईन. घरी आई एकटी होती हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. बाप बाकड्यावर बसून ऐकत होता, आणि माझी मोटार रोज येते हे मला त्याच्यासमोर बोलायचं होतं. कुणाच्या जिवावर मी ती फुशारकी मारली, बघा.

डॉक्टरांनी बापाकडं पाहिलं. बाप म्हणाला, "पोरगा आनील. मोटार हाय त्याची."

असे आम्ही रोज जाऊ लागलो. तो माझ्या मागच्याच बाकावर बसायचा, पोटावर हात धरून, कारण सुयांनी पोट सुजून दगड झालेलं. तरी तोंड चालूच. चढ आला, उतारू उतरले, की हा माझ्या कानाशी म्हणायचा, "माज्या बैलानं ह्या चढाला कवा कुनाला उतरवलं नाय." भट्टीची राख काढायला थांबलो की म्हणायचा, "हगली का?" उतारू पोट धरून हसायचे. मी चिडायचो आणि मनात दिवस मोजायचो. चार झाले. पाच झाले. सात झाले, अर्धे झाले. रोज सकाळी पंखा फिरवताना वाटायचं, की आज पेटली नाही तर? मालक पेट्रोलची एक बाटली अडीअडचणीला द्यायचा, तीही त्या पंधरवड्यात मिळाली नव्हती. नऊ झाले. मी त्या भट्टीला हात जोडायचो. खरंच जोडायचो, कुणी बघत नाही असं पाहून.

आता कोळशाचं सांगायला हवं. कोळसेवाले भट्टी उघडली की कोळसा पाणी मारून विझवतात, त्यामुळं गोणी हातात येते तेव्हा आत ओल असते. चुलीला, शेगडीला ती ओल बाधत नाही. मोटारीच्या भट्टीला बाधते. ओला कोळसा पडला की वायूच्या जागी वाफ येते आणि इंजिन गुदमरतं. मालकाकडं मुरबाडला जागा नव्हती, म्हणून कोळसा आमच्या खळ्यावर उन्हात पसरून वाळवायचा आणि रोज सकाळी जाता जाता दोन गोणी भरून घ्यायच्या, अशी पद्धत पडलेली. मी मुक्कामाला मुरबाडला, म्हणून राखण बापाची. त्यानं भट्टीला कितीही नावं ठेवली तरी कोळसा मात्र तो मन लावून हलवायचा, वरखाली करायचा, कोंबड्या हाकलायचा. चावलेल्या हातानंसुद्धा.

दहाव्या दिवशी मी फाट्यावर गोण्या घेतल्या, पिंपात ओतल्या, बापाला बसवलं आणि निघालो. नदी ओलांडली. किन्हवली आली, तिथं चार उतारू चढले. खाली आधीचा कोरडा कोळसा जळत होता तोवर मोटार बरी चालली. किन्हवली सोडून शेणव्याच्या वाटेला लागलो, शहापूर साडेचार कोस राहिलं असेल, आणि चढाच्या पायथ्याशी मोटार दोनदा उसासली आणि थांबली. सकाळचे आठ वाजले होते. डॉक्टर दवाखान्यात बारापर्यंत बसायचे. मग खेड्यांत फिरतीवर जायचे ते दुसऱ्या दिवशी यायचे, आणि औषधाच्या पेटीची किल्ली त्यांच्या खिशात.

मला वाटलं गाळणी तुंबली. रोज तुंबायची. मी उतरलो, गाळणी सोडली, काथ्या झटकला. "दहा मिनिटं," मी सगळ्यांना सांगितलं.

तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. रिकामी, तरणे बैल. गाडीवान बापाचा जुना जोडीदार, दोघांनी ह्याच रस्त्यावर जन्म काढलेला. बापाला सुया चालू आहेत हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बैल थांबवले.

"शापूरला चाल्लोय," तो बापाला म्हणाला. "येतस का? बाराच्या आत टाकतो तुला."

बापानं माझ्याकडं पाहिलं. उतारूही माझ्याकडं पाहत होते. माझे हात कोपरापर्यंत काळे. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की जा बाबा. दोन शब्द. ते न म्हणता मी म्हणालो, "दहा मिनिटांत चालू होतेय. ह्यांच्या आधी पोचू आपण."

बाप गाडीवानाला म्हणाला, "जा तू. पोरगा बोलतोय व्हईल चालू."

गाडी गेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज चढावरून बराच वेळ येत राहिला. मी गाळणी परत बसवली, पंखा फिरवला. नाही. नळी काढून फुंकली. नाही. उतारूंनी आळीपाळीनं पंखा फिरवला. पिंपातून पांढरा धूर यायला लागला, आणि मग माझ्या लक्षात आलं, तो धूर नव्हता. मी पिंपाचं झाकण काढून आत हात घातला. कोळसा वरून कोरडा, आतून ओला. मुठीत दाबला तर हाताला पाणी लागलं.

"कोळशावर पाणी कुणी मारलं?" मी विचारलं.

बाप बाकावरून उठून उभा राहिला. "मी मारलं," तो म्हणाला. "काल सांजच्याला नवा कोळसा आला ना, त्यात एक निखारा जिता व्हता. बाजूला पेंढ्याची उडवी. घर पेटलं असतं. म्हनून दोन हंडे मारलं."

त्यानं काय चूक केलं होतं? आमच्या गावात कुणीही हेच केलं असतं. कोळशात निखारा दिसला की पाणी मारायचं, हे आईनं लेकराला शिकवलेलं असतं. इंजिनाला पाणी चालत नाही, हे त्याला सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते कधी सांगितलंच नव्हतं. ओल उडवायची म्हणून वाळवायचं, एवढंही मी नीट बोललो नव्हतो. कारण बोललो असतो तर हे यंत्र किती नाजूक आहे ते त्याला कळलं असतं, आणि तो हसला असता.

पण त्या वेळी मला ह्यातलं काही सुचलं नाही. मी सगळ्या उतारूंसमोर माझ्या बापावर ओरडलो. म्हणालो, "तुमीच तुमच्या हातानं तुमचं मरण आणलंत. आता बसा."

बाप खाली उतरला. पोटावर धोतराचा सोगा घट्ट बांधला आणि मोटारीच्या मागं जाऊन चावलेल्या हातानं पंखा फिरवायला लागला. मी त्याला अडवलं नाही. तो बराच वेळ फिरवत राहिला, आणि सूर्य एवढा वर आला की आता मोटारीची वाट बघून उपयोग नाही हे आम्हा दोघांनाही कळलं. मग त्यानं पंखा सोडला.

"मी चालत जातो," तो म्हणाला. "तू उतारू टाकून येऊ नको."

आणि मी गेलो नाही. माझा बाप सुजलेल्या पोटानं साडेचार कोस चालत निघाला, आणि मी मोटारीपाशी थांबलो. का थांबलो, हे मला आजही सांगता येत नाही. उतारू होते म्हणून, मालकाची मोटार होती म्हणून, की अजूनही आपली मोटार त्याला वाटेत गाठेल असं मला वाटत होतं म्हणून? ओला कोळसा उपसून मी रस्त्यावर पसरला, कोरडे कोरडे तुकडे वेचून परत भरले, पेटवले. मोटार चालू झाली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. चढ, शेणवा, सगळा रस्ता मी मान पुढं काढून बघत होतो, की आता दिसेल, आता दिसेल. दिसला नाही.

तो दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. दाराला कुलूप. पायातल्या वहाणेचा अंगठा तुटलेला. त्यानं मला पाहिलं आणि सरकून पायरीवर जागा केली.

"गेलं रे डाक्टर," तो म्हणाला. "थोडक्यात गेलं."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि रडलो. मोटार रस्त्यात उभी, उतारू स्टेशनसाठी खोळंबलेले, आणि ड्रायव्हर पायरीवर बसून रडतोय. बापानं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. तसली रीत नव्हती त्याची. त्यानं विचारलं, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर चिडले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "काल कुठं होता? मी काय सांगितलं होतं? मुलाची मोटार रोज येते ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाप म्हणाला, "मोटारीचं काय नाय, डाक्टर. मोटार टायमाला आली व्हती. खाडा माजा. पोट दुखत व्हतं, मीच चढलो नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. परत येताना त्याला विचारलं, की असं का सांगितलंत. तो म्हणाला, "उद्या गावभर व्हतं, की ह्याच्या पोराच्या मोटारीनं ह्याला मारला. मी बोलतो ते निराळं." माझ्या मोटारीला नावं ठेवायचा हक्क त्यानं स्वतःकडंच ठेवला होता, दुसऱ्याला द्यायला तो तयार नव्हता.

उरलेल्या सुया झाल्या, वर डॉक्टरांनी आणखी दोन दिल्या. एका खाड्यानं काय होईल, असं मी विचारलं. ते म्हणाले, काही होणार नाही बहुतेक. मी विचारलं, बहुतेक म्हणजे? ते म्हणाले, सहा महिने वाट बघा. कधी कधी वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा. बोलायला किती सोपं. मी माझा मुक्काम मुरबाडहून घरी हलवला. रोज पहाटे उठून आधी बापाला तांब्याभर पाणी नेऊन द्यायचो आणि समोर उभा राहायचो. तो प्यायचा, मी त्याचा गळा बघायचो. कंठ वर गेला, खाली आला. गिळलं. मग मी तीन मैल चालत मुरबाडला मोटारीकडं जायचो आणि तिची भट्टी पेटवायचो. रात्री परत आलो की पुन्हा तांब्या. आईला वाटलं, पोराला उशिरा का होईना बापाची माया आली. त्याला एकदा ठसका लागला तर माझ्या हातातून तांब्या पडला. एकदा उन्हाळ्यात नदी ओलांडताना तो मोटारीत होता, पाणी चाकाला लागून उडालं आणि त्यानं चेहरा फिरवला. मी मोटार नदीच्या मधोमध उभी केली. मागं वळून बघितलं तर तो फडक्यानं तोंड पुसत होता.

"चल ना," तो म्हणाला. "का हिलाबी आता पानी पाजतोस?"

सहा महिने गेले. वर्ष गेलं. मी काय बघतो ते त्याला ठाऊक होतं. मी तांब्या पुढं केला की तो घ्यायचा, सगळा प्यायचा, तहान असो नसो, आणि रिकामा तांब्या उपडा करून मला दाखवायचा.

लढाई संपली. पेट्रोल आलं. मालकानं भट्टी सोडून बाजूला टाकली आणि विकायला काढली, पण कोण घेणार? भंगारवाल्यानं सुद्धा आतलं डांबर बघून नाक मुरडलं. इंजिन एवढं झिजलेलं होतं की ते पुरतं नवं करावं लागलं. शेणव्याच्या वरचं रान उघडं पडलं होतं, बापानं विचारलं होतं, किती दिस पुरंल; लढाईपुरतंच पुरलं. शेवटी ते पिंप मीच बैलगाडीत घालून घरी आणलं. त्याच जोडीदाराच्या बैलगाडीत. बापानं ते घासलं, खालचं भोक मातीनं आणि चुन्यानं बुजवलं आणि गुरांना पाणी प्यायला विहिरीपाशी ठेवलं. आल्यागेल्याला दाखवायचा, ही पोराची मोटार. मला आता त्याचा राग यायचा नाही. राग यायला जी शांती लागते ती माझ्याकडं नव्हती. तिसरं वर्ष, चौथं वर्ष, मी तांब्या नेतच होतो. डॉक्टरांची बदली झाली होती, नव्यांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, आता कसली भीती? मी त्यांना म्हणालो, तुम्ही खाडा बघितला नाही. त्यांना काही कळलं नाही.

स्वातंत्र्य आलं, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात बापाला ताप आला. छातीत कफ. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं थकलीत, वय झालंय. तो खाईनासा झाला. सकाळी मी नेहमीसारखा तांब्या घेऊन त्याच्या उशाशी बसलो, ओठांशी नेला, आणि त्यानं मान फिरवली.

आई म्हणाली, राहू दे, आजारी माणसाला नको वाटतं पाणी. मला ते ऐकू आलं नाही. सहा वर्षं मी ज्या दिवसाची वाट बघत होतो तो हाच, असं मला वाटलं. बापानं डोळे उघडले. आधी तांब्या बघितला, मग माझं तोंड.

"तसलं काय नाय रे," तो म्हणाला. "तहानच नाय."

मी तांब्या तसाच धरून राहिलो. त्यानं हात पुढं केला, तोच उजवा, मनगटाच्या वर व्रण असलेला. "आन इकडं."

मी त्याचं डोकं उचललं. त्यानं घोट घेतला. तोंडात धरून ठेवला बराच वेळ, डोळे मिटले, कपाळावर शीर उठली. थोडं पाणी ओठांतून गळलं. मग कंठ वर गेला आणि खाली आला.

"बघितलंस?" तो म्हणाला. आवाज निघत नव्हता. "गेलं खाली. आता जा. मोटारीचा टाइम झाला."

मी गेलो. मोटार एका झटक्यात चालू झाली. नदी ओलांडली, किन्हवली आली, त्या चढावर कुणाला उतरावं लागलं नाही. शहापूरला मी वेळेच्या आधी पोचलो. दुपारी परतताना आमच्या फाट्यावर गर्दी दिसली म्हणून मी मोटार थांबवली. सगळी आमच्या गावचीच माणसं होती, आणि त्यांतल्या कुणालाच मोटारीत बसायचं नव्हतं.